बर्फीच्या नावाने काढलेली पॉलिसी

नाशिकहून एका जोडप्याचं पत्र आलंय. दोघंही नोकरीला, हातात मिळून महिना ९५ हजार. घरी गोल्डन रिट्रीव्हर जातीची कुत्री, बर्फी, आता तीन वर्षांची होईल. जवळचं ग्रुमिंग पार्लर दोन वर्षांची मेंबरशिप देतंय: ३६ हजारांत २४ वेळा अंघोळ, ब्रशिंग, नखं आणि वर उन्हाळ्यात एक ‘समर कट’ (मशीनने केस बारीक करणं) फुकट. एरवी एका वेळचे १,८०० पडतात. पैसे क्रेडिट कार्डावर बिनव्याजी हप्त्यांत भरता येतील. घ्यावी का?

नको. २४ वेळांचे ४३,२०० होतात, म्हणून ७,२०० वाचले असा तुमचा हिशोब आहे. पण घरी नियमित ब्रश फिरवलात तर साधारण दोन महिन्यांतून एकदा पार्लर पुरतं. म्हणजे दोन वर्षांत बारा-तेरा वेळा, खर्च पंचवीस हजारांच्या आत. सात वाचवायला किमान अकरा जास्त घालवायचे, तेही आगाऊ. उद्या दुकानाला कुलूप लागलं तर मागणार कुणाकडे? आणि तो समर कट फुकट दिला तरी घेऊ नका. गोल्डनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते उन्हापासूनही बचाव करतात. मशीन फिरवली की उघडी कातडी भाजते, आणि केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असं नाही.

इथवर तुमचा प्रश्न संपला. पण पत्रात खाली तीन ओळी आहेत, त्या वाचून मी चहा बाजूला ठेवला.

पहिली ओळ: गेल्या पावसाळ्यात बर्फीला टिक फीवर (गोचिडांमुळे होणारा ताप) झाला. सलाईन, रक्ताच्या तपासण्या मिळून ३८ हजार कार्डावर गेले. ‘तेव्हापासून मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) वेळेवर भरतोय, एकदाही चुकवलेला नाही.’ आज बाकी ५२ हजार. अहो, महिना साडेतीन टक्के म्हणजे १,८०० व्याज, त्यावर जीएसटी, झाले जवळपास २,१५०. तुम्ही भरता २,६००. मुद्दल उतरते साडेचारशेने! आणि बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा घेतला की त्याच दिवसापासून मीटर चालू. याच कार्डावर आता पार्लरचे हप्ते चढवायचे म्हणता.

दुसरी ओळ: बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने ‘बर्फीच्या म्हातारपणाच्या खर्चासाठी’ गॅरंटीड इन्कम पॉलिसी दिली. वर्षाला ६० हजार, दहा वर्षं भरायचे. पहिला हप्ता भरल्यापासून बारा वर्षांनी दरसाल एक लाख दहा हजार, दहा वर्षं. सहा लाखांचे अकरा लाख, ऐकायला गोड. पण पैसे सरासरी बारा वर्षं अडकतात, परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. तोही बाजूला ठेवू. पहिला हप्ता भरलात तेव्हा बर्फी एक वर्षाची होती. पैसे सुरू होतील तेव्हा ती तेरा वर्षांची असेल. गोल्डन साधारण दहा-बारा वर्षं जगतात. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण ज्याने पॉलिसी विकली त्याने बोटांवर मोजायला हवं होतं. तुम्हीही.

दोन हप्ते गेले, तिसरा पुढच्या महिन्यात आहे आणि त्यासाठी ४५ हजार बचत खात्यात जमवून ठेवलेत. तो हप्ता भरू नका. ते ४५ हजार आजच कार्डात भरा, उरलेले सात या पगारातून. बचत खात्यात वर्षाला अडीच-तीन टक्के मिळवत कार्डाला बेचाळीस द्यायचे, हा सौदा तुम्ही रोज करताय. पॉलिसी बंद केली तर हातात किती आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता, कमी रकमेवर चालू) ठेवली तर पुढे किती, दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. भरलेल्या १.२ लाखांतला मोठा भाग बुडेल असं धरूनच चाला. दुखेल. पण ‘इतके भरलेत तर पुढेही भरू’ म्हणून आणखी ४.८ लाख अडकवू नका.

तिसरी ओळ: ‘पिल्लं झाली की सगळं वसूल होईल, आठ पिल्लं, प्रत्येकी पंधरा हजार.’ म्हणून नसबंदी थांबवलीय. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार पिल्लं विकण्यासाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दोन महिने आठ जणांचं खाणं, जंताचं औषध, पहिली लस, जमलं नाही तर सिझेरियन. फरशी कोण पुसणार, दोघंही ऑफिसात असताना? शेवटी तीन पिल्लं नातेवाईकांत फुकट जातात, हे मी दोन घरी पाहिलंय. उलट नसबंदी न केलेल्या मादीला माजानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. तेव्हाचं तातडीचं ऑपरेशन आधी करायच्या नसबंदीच्या कितीतरी पट पडतं. डॉक्टरांना विचारून तारीख घ्या.

पॉलिसीचे महिना पाच हजार सुटले, त्यातले तीन बर्फीच्या नावाने आरडीत टाका. दीड वर्षात पन्नास हजारांवर जातील. उरलेल्यातून दर महिन्याला गोचिडांचं औषध, पावसाळ्यात तर न चुकता. काहीशे रुपयांचं ते औषध गेल्या वर्षी राहिलं आणि ३८ हजारांचं बिल आलं. तुमच्या दोघांच्या आरोग्यविम्याचा पत्रात शब्दही नाही. नसेल तर पुढच्या पत्रात फक्त तेवढंच लिहा.

पार्लरचं राहिलं. एक स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) आणि स्टीलचा कंगवा घ्या, दोन्ही मिळून हजाराच्या आत. (आमची गावठी मांजर स्वतःचं ग्रुमिंग स्वतः करते, दिवसभर, फुकट. गोल्डनकडून ती अपेक्षा ठेवू नका.) एक दिवसाआड पंधरा मिनिटं, केस कोरडे असताना, आधी शेपटी आणि मांड्यांमागे. अंघोळ महिन्यातून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने. फोटोत तिच्या कानांमागे गाठी दिसताहेत. कात्री लावू नका, गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापली जाते. मुळाशी बोटांनी धरा आणि टोकाकडून थोडी थोडी सोडवत या.