श्वानपथकात जायचं असेल तर…

प्रिय विद्यार्थिनी,

बारावीनंतर पोलिसांच्या श्वानपथकात जायचंय, घरचा लॅब्राडोर तुझं सगळं ऐकतो, आणि पोलीस आपले कुत्रे कसे निवडतात, कसे शिकवतात, असं तू विचारलंयस. आईला मात्र हे ‘कुत्र्यामागे फिरण्याचं काम’ वाटतं. त्यांनाही हे उत्तर वाचायला दे. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या पोलिसांनी १८९९ मध्ये पद्धतशीर श्वानपथक उभं केलं, तेव्हापासून हा कसबाचा पेशा आहे.

सांगितलेलं ऐकणं हा चांगला गुण, पण निवड त्यावर होत नाही. चेंडू उंच गवतात फेकतात. बरेच कुत्रे थोडं हुंगून माघारी येतात. एखादा मात्र चेंडू मिळेपर्यंत डोकं वर काढत नाही. तो हवा असतो. मग त्याला गुळगुळीत फरशीवर, लोखंडी जाळीच्या जिन्यावर, अंधाऱ्या खोलीत नेतात, जवळच मोठा आवाज करतात. दचकला तरी चालतं, सावरतो किती लवकर ते बघायचं असतं. खुब्याचा एक्स-रेही काढतात, कारण जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो.

शिकवण्याचा पाया खेळच असतो. ठरावीक वास आला की लाडकं खेळणं मिळतं, हे कुत्र्याच्या मनात पक्कं बसवायचं. सुरुवात ओळीने ठेवलेल्या डब्यांपासून, मग खोल्या, गाड्या, सामानाचे ढीग. अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्याला त्यांची चटक लावतात, ही निव्वळ अफवा आहे. त्याला फक्त खेळणं हवं असतं. स्फोटकं शोधणाऱ्याला वास लागताच शांत बसायला शिकवतात, कारण पंजा मारला तर जीव जाईल. म्हणूनच एकाच कुत्र्याला सहसा दोन्ही कामं देत नाहीत. तो बसला, पण समोर पुडी आहे की बॉम्ब, हे हँडलरला, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाला, कळायचं कसं?

आता या पेशातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगतो, आणि ती तुझ्याबद्दल आहे. कुत्रा वासाइतकाच हँडलरलाही वाचतो. तू एखाद्या कपाटापाशी जरा जास्त रेंगाळलीस, दोरी किंचित आखडलीस, तरी त्याला इशारा मिळतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १८ हँडलर-श्वान जोड्यांना एका चर्चमध्ये शोध घ्यायला लावला. लाल कागद दिसेल तिथे वास असू शकतो, असं हँडलरांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात शोधायचा वास कुठेच नव्हता. तरीही ‘सापडलं’ अशा दोनशेहून अधिक खोट्या नोंदी झाल्या, आणि कागद असलेल्या जागी जास्त. खऱ्या तपासात अशा एका नोंदीने निरपराध माणूस अडकू शकतो. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात वास कुठे लपवलाय हे हँडलरलाही सांगत नाहीत. नुसतं कुत्र्यांचं वेड इथे पुरत नाही. स्वतःचा अंदाज बाजूला ठेवता यायला हवा, आणि कुत्र्याला काही सापडलं नाही तर तसंच लिहिण्याचा प्रामाणिकपणा हवा.

वाट सरळ आहे, पण लांबची. बहुतेक दलांत आधी पोलीस म्हणूनच भरती व्हावं लागतं. काही काळ नेहमीची ड्युटी केली की मग पथकासाठी अर्ज आणि अंतर्गत निवड. तेव्हा आजपासून धावणं आणि लेखी परीक्षेची तयारी धर. कुत्र्याला खाऊ घालणं, त्याची साफसफाई, औषधपाणी हे सणासुदीलाही चुकत नाही, याचीही मनाची तयारी ठेव.

तोवर घरी एक सराव कर. एकसारखे सहा डबे घे. तू बाहेर असताना कुणाला तरी त्यातल्या एकात लॅब्राडोरचं खेळणं ठेवायला सांग. मग गप्प राहून त्याला शोधू दे. त्याचा श्वास कुठे बदलला, शेपूट कुठे थांबली, मान कधी वळली, ते वहीत लिही. चुकलेल्या फेऱ्याही खाडाखोड न करता लिही. महिनाभराची वही मला पाठव, मग पुढचं बोलू.