वाचकांचे प्रश्न: पुणे 23 वरून 56 वर, मग लेकीला कुठे पाठवू?

प्रश्न: माझी मुलगी नाशिकच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला एमएस्सी फिजिक्स पुणे विद्यापीठातूनच करायचंय. पण एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या दरवर्षीच्या क्रमवारीत, पुणे 2024 ला 23 वं होतं ते 2025 ला 56 वर गेलं आणि मुंबई 61 वरून 54 वर आली. घरातले म्हणतात आता मुंबईच बघा. काय करावं? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, 54 आणि 56 या दोन आकड्यांवरून मुलीचं गाव ठरवू नका, ही पहिली विनंती. पुण्याची घसरण खरी आहे आणि ती मनाला लागते. 2024 ला राज्यांच्या सरकारी विद्यापीठांची वेगळी यादी पहिल्यांदा निघाली तेव्हा चेन्नईचं अण्णा आणि कोलकात्याचं जादवपूर या विद्यापीठांनंतर तिसरं पुणेच होतं, वर्षभरात ते 11 वर आलं. मोठं कारण सगळ्यांना दिसतंय, प्राध्यापक रिटायर होत गेले आणि त्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्याच नाहीत. एनआयआरएफच्या 100 पैकी 30 गुण शिकवण्याला आणि साधनांना, 30 रिसर्चला, म्हणजे माणसं कमी झाली की दोन्हीकडे फटका, कारण वर्गावर जाणारे, पेपर लिहिणारे आणि पीएचडीचे गाईड तेच असतात.

पण हा नंबर सगळ्या कॅम्पसचा मिळून असतो आणि तुमची मुलगी बसणार एका डिपार्टमेंटमध्ये. तेव्हा दोघी मिळून एकदा पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडला जाऊन या. फिजिक्सचं चालू सेमिस्टरचं टाइमटेबल मिळवा, त्यातली नावं वहीत उतरवा आणि डिपार्टमेंटच्या वेबसाइटवरच्या प्राध्यापकांच्या यादीशी ताडून बघा. यादीत नसलेली नावं बऱ्याचदा सीएचबीवाल्यांची असतात, तासिका तत्त्वावरचे म्हणतात ते. ते वाईट शिकवतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, कितीतरी जण तुटपुंज्या पैशात जीव तोडून शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते तिथेच असतील याची खात्री त्यांनाही नसते आणि दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टला गाईड लागतो तेव्हा ते जाणवतं. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं भेटतील, त्यांना विचारा प्रोजेक्ट कुठे केला, लॅबमधली किती उपकरणं चालू आहेत, मागच्या बॅचचे किती जण नेट, सेट, गेट या परीक्षांत निघाले. मग हेच सगळं मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसलाही जाऊन विचारा.

फिजिक्सवाल्यांसाठी अजून एक गोष्ट. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणारी एनसीआरए आहे. या स्वतंत्र संस्था, त्यांचं काम पुण्याच्या रँकमध्ये धरत नाहीत, पण खगोलशास्त्राची आवड असलेल्या मुलीला अशा दोन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे! तिला न्यूक्लिअर किंवा पार्टिकल फिजिक्स करायचं असेल तर टीआयएफआर आणि भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) या मोठ्या संशोधन संस्था मुंबईत आहेत, मग घरातल्यांच्या म्हणण्यात दम आहे. म्हणून आधी तिला बसवून विचारा तिला नक्की कशात रस आहे.

आणि हो, नाशिकचं कॉलेज पुणे विद्यापीठाशीच संलग्न असेल आणि म्हणून तिच्या डिग्रीची किंमत कमी झाली का अशी धास्ती असेल तर ती सोडा. विद्यापीठाच्या नंबरात संलग्न कॉलेजं मोजतच नाहीत, कॉलेजांची यादी वेगळी निघते.

प्रश्न: मुंबई विद्यापीठाला नॅकची (विद्यापीठं तपासून दर्जा ठरवणारी संस्था) ए प्लस प्लस ग्रेड मिळाली, मग 2025 च्या एनआयआरएफमध्ये ते 54 वं कसं? खरं काय मानायचं? (बीकॉमचा विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: दोन्ही खरं आहे. दहावीला डिस्टिंक्शन मिळणं आणि बोर्डात नंबर येणं यात जो फरक तोच इथे. नॅकच्या ग्रेडच्या पद्धतीत 4 पैकी गुण, 3.51 किंवा त्याहून जास्त मिळाले की ए प्लस प्लस, मुंबईला 2021 ला 3.65 मिळाले. ही ग्रेड कितीही विद्यापीठांना मिळू शकते. एनआयआरएफ एकाला दुसऱ्याच्या वर-खाली लावतं, त्यामुळे आपण होतो तिथेच राहिलो आणि बाकीचे पुढे गेले तरी नंबर घसरतो. तुला एमकॉम करायचं असेल तर एनआयआरएफच्या साइटवर प्रत्येक संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीची पीडीएफ असते ती उघड, त्यात किती मुलांना नोकरी लागली, मधला पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले हे कोर्सच्या कालावधीप्रमाणे दिलेलं असतं, दोन वर्षांच्या पीजीचा तक्ता बघ.