घडीचा चाकू: गंज, धार आणि खिसा

हत्यारं सांभाळण्याबद्दल या सदरात लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत घडीच्या चाकूची पत्रं सगळ्यांत जास्त. माझी नोकरी रोपवाटिकेत कलमं बांधण्यात गेली, त्यामुळे खिशात चाकू नाही असा कामाचा दिवस मला आठवत नाही. उत्तरं त्याच अनुभवातून देतोय.

प्रश्न: काका, लेकीने फ्रान्सहून लाकडी मुठीचा घडीचा चाकू आणला. पात्यावर मुकुट आणि हाताचा पंजा कोरलाय. उन्हाळ्यात कैऱ्या चिरल्या तर पातं काळंनिळं पडलं. आता पावसात तर ते मुठीतून बाहेरच येत नाही. चाकू वाया गेला का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर: ताई, चाकूला काही झालेलं नाही. मुकुट आणि पंजा ही ओपिनेलची खूण. फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीत सावॉय प्रांत आहे. तिथल्या जोसेफ ओपिनेलने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी हा चाकू घडवला. घरात शेतीची हत्यारं बनवायचा धंदा होता, आणि गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी. म्हणून चाकूत नखरा काही नाही: पातं, मूठ, खिळा आणि वर धातूचा पट्टा. उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी १९५५ साली आली.

आता काळेपणा. तुमचं पातं साध्या पोलादाचं आहे. स्टेनलेस म्हणवायला पोलादात साधारण साडेदहा टक्के तरी क्रोमियम लागतं, ते यात नाही. त्यामुळे कैरी, लिंबू, कोकम, कांदा, कशाचाही रस लागला की पातं करडं-निळं होतं. होऊ द्या. तो थर खाण्याला घातक नाही, उलट खालच्या पोलादाला थोडी राखण करतो. घासणी घेऊन पुन्हा चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका. मात्र तांबूस, बोटाला पावडर लागणारा डाग दिसला तर तो गंज. तो तेलाचा थेंब टाकून बारीक पॉलिश पेपरने लगेच काढा. काम झालं की पातं धुवून कोरडं पुसायचं आणि खोबरेलाचं बोट फिरवायचं, एवढी शिस्त पुरे. ओल्या पात्याची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलात तर कोकणातल्या हवेला चार दिवसही लागत नाहीत.

पातं अडकलंय ते लाकडामुळे. मूठ बहुतेक बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. ती दमट हवा पिऊन फुगते आणि पात्याला चिमटीत धरते. पक्कड लावून ओढू नका, हात कापून घ्याल. कडी फिरवून मोकळी करा, मूठ घट्ट धरा आणि तिचं मागचं टोक, पातं जडलंय त्याच्या विरुद्धचं, टेबलाच्या कडेवर आपटा. पातं जरासं बाहेर उसळतं, मग नखाच्या खाचेत नख घालून उघडा. सावॉयचे लोक असंच करतात. पुढे चाकू उघडा ठेवून सावलीत आठवडाभर वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको, मूठ तडकेल. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर दुमडून खाचेच्या आतल्या दोन्ही भिंतींवर थोडा फिरवा आणि लाकडाला जवसाचं तेल किंवा मेण पाजा. दरवर्षी मे महिन्यात पापड-कुरडया आटोपल्या की हेही उरकून घ्यायचं.

आणि फणस त्याने फोडू नका. चीक खिळ्यात शिरला की तेलानेही सुटता सुटत नाही. फणसाला कोयता आहेच.

प्रश्न: मी पुण्यात शिकतो. रोजच्या वापरासाठी आणि थोडं स्वसंरक्षणासाठी चाकू खिशात ठेवायचाय. नऊ इंचांच्या आतला चाकू कायद्याने चालतो असं मित्र म्हणतो. बटणाचा घेऊ का?
– एक विद्यार्थी

उत्तर: स्वसंरक्षण हा शब्द आधी डोक्यातून काढा. भांडणात चाकू काढणाऱ्याचाच हात बहुधा आधी कापतो, आणि नंतर पोलिसांपुढे 'मी फक्त दाखवला' हे कोणी ऐकून घेत नाही.

मित्र अर्धं सांगतोय. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती किंवा शेतीकामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. ओपिनेलचा सर्रास चालणारा आठ नंबरचा चाकू साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, म्हणजे साडेतीन इंचही नाही. पण १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम ३७ आहे. त्याखाली सणावारी, मोर्चा-निवडणुकीच्या दिवसांत मनाई आदेश निघतात. सोटे, भाले, तलवारी, सुरे, काठ्या अशी त्यांतली यादी तुम्ही पेपरात वाचली असेल. तिथे इंच मोजत नाहीत. विमानात चाकू केबिनमध्ये चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकावा लागतो. मेट्रो, कोर्ट, सभा, मिरवणूक, कॉलेज इथे नेऊच नका. ट्रेकला निघालात तर सॅकच्या तळाशी, जेवणाच्या सामानात असू द्या. शेतावर, बागेत, कारखान्यात तो कामाची वस्तू म्हणून शोभतो. लक्ष्मी रोडच्या गर्दीत तुमच्या खिशात त्याचं काय काम, हे मलाही सुचत नाही.

बटणाचा, रामपुरी धाटणीचा अजिबात घेऊ नका. कांदा चिरायला खटका लागत नाही.

प्रश्न: लाल मुठीचा स्विस चाकू चांगला की साधा एका पात्याचा?
– एक वाचक, निफाड

उत्तर: स्विस चाकूचं मूळ बंदुकीत आहे. स्विस सैन्याला जेवायला, डबे उघडायला आणि नव्या रायफलीचे स्क्रू सोडवायला एकच अवजार हवं होतं. कार्ल एल्सेनरने १८९१ मध्ये त्याचा पुरवठा सुरू केला, आणि अधिकाऱ्यांसाठीचा, बूच काढायच्या स्क्रूचा हलका चाकू १८९७ मध्ये नोंदवला. तुमच्या कामात पंपाचे स्क्रू, वायरी, डबे असतील तर तोच घ्या. पातं स्टेनलेस असल्यामुळे फवारणीच्या दिवसांतही फार बघावं लागत नाही. एक लक्षात ठेवा: नेहमीच्या लहान स्विस चाकूचं पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं असतं, कडी नसते. टोकाने भोक पाडायला जोर लावलात तर ते बोटांवर मिटतं. भोकासाठी पाठीमागचा आरीसारखा दात वापरा. नुसती फळं, दोरी आणि पोती असतील तर एक पातं बास. जितकी पाती जास्त, तितकी माती आत जास्त.

प्रश्न: कलमाच्या चाकूला धार कशी लावायची? सायकलवरच्या धारवाल्याकडे दिला तर चालेल?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर: कोयता खुशाल द्या, कलमाचा चाकू नको. फिरत्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धार भाजून निघते. कडेला निळी झाक आली की पोलादाचा कस गेला असं समजा, ती धार पुन्हा टिकत नाही.

कलमाचे बरेच चाकू एकाच बाजूने उतरते असतात, दुसरी बाजू सपाट. आधी तुमचा तपासा. तसा असेल तर दगड ओला करून उतरती बाजूच तिच्या मूळच्या उतारावर घासा. घासता घासता सपाट बाजूच्या कडेला बारीक खरखर लागेल. ती लागली की थांबा, सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून दोनदा हलकी फिरवा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, ओढा. सपाट बाजूलाही उतार दिलात तर काप वाकडा येतो, कोयकलमात खुंट (खालचं रोप) आणि काडीमध्ये (वर बांधायची फांदी) फट राहते आणि कलम सुकतं. दोन्ही बाजूंनी उतरता असेल तर दोन्हीकडे सारखं घासा. बागेत दगड नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला, त्याच्या तळाची खरबरीत कड वेळ मारून नेते. खुंट बदलताना पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आणि त्या चाकूने दुपारी आंबा कापून खाऊ नका. त्यासाठी दुसरा ठेवा.