तिसऱ्या टेबलावरचा पंखा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

ग्रंथालयासाठीच्या सूचनांचा तुझा चार पानी मसुदा वाचला. ‘ग्रंथालय अद्ययावत करावे’, ‘वातावरण अभ्यासाला पोषक असावे’, ‘कर्मचाऱ्यांनी सौजन्याने वागावे’. बत्तीस वर्षं देवघेवीच्या काउंटरमागे काढली, त्यामुळे अशा कागदाचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. साहेब ‘पाहिले’ असा शेरा मारतात आणि कागद फायलीला लागतो. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. वाचून उद्या सकाळी कुणी काय करायचं, तेच कळत नाही.

आमच्याकडे (कुठे ते विचारू नकोस) लाकडी सूचनापेटी होती. तिची किल्ली हरवली ती दीड वर्षानं सापडली. उघडली तर पंख्यांबद्दलच नऊ चिठ्ठ्या! आठांवर ‘पंखे खराब आहेत’. नववीवर, ‘खिडकीकडून तिसऱ्या टेबलावरचा पंखा तीनच्या पुढे नेला की खडखडतो.’ वायरमनच्या हातात मी तेवढी एकच चिठ्ठी ठेवली. दुपारी पंखा गप्प.

तू जिथे बसून अभ्यास करतेस त्या बडोद्यातल्या प्रतापगंजच्या ग्रंथालयाला हंसाबेन मेहतांचं नाव आहे. त्या तुमच्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू, हे तुला माहीत असेलच. पण १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ होतं, तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झालं ते त्यांच्या आग्रहामुळे. त्यांनी मसुद्यातल्या नेमक्या शब्दावर बोट ठेवलं होतं.

आता तुझे मुद्दे. ‘वाचनकक्ष रात्री अकरापर्यंत उघडा ठेवा.’ ठेवतील, पण त्यासाठी एक शिपाई, एक पहारेकरी आणि मुलींना होस्टेलपर्यंत सोबत लागते. दहा दिवस रोज संध्याकाळी सात वाजता भरलेल्या खुर्च्या मोज आणि आकडे तारखेसह लिही. मग मागणी परीक्षेआधीच्या सहा आठवड्यांपुरतीच कर. वर्षभराचं मागितलंस तर खर्चाचा आकडा बघूनच ते नाही म्हणतील.

‘नवी पुस्तकं घ्यावीत.’ कोणती, बाई? लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं साल, कोणत्या पेपरला लागतं, किती जणांना लागतं, हे सगळं लिही आणि विभागातल्या सरांची सही घे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. यादी फेब्रुवारीत नेलीस तर उशीर झाला म्हणून समज, दिवाळीआधी दे.

संगणकावरच्या सूचीबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, आणि खरी मेख तिथेच आहे. मराठी पुस्तकाची नोंद रोमन अक्षरांत झाली असेल तर ‘ळ’चं काय करणार? कुणी एल लिहितं, कुणी दोन एल. दीर्घ ‘आ’ला कुणी एक ए, कुणी दोन. पुस्तक कपाटात असतं आणि संगणक ‘नाही’ म्हणतो. गुजरातीतही ‘ळ’ आहे, म्हणजे हे दुखणं फक्त आपल्या मराठी विभागाचं नाही. त्यांनाही सोबत घे. वीस पुस्तकं देवनागरीत आणि दोन-तीन रोमन स्पेलिंगांनी शोधून बघ. त्याचा एक तक्ता कर आणि अर्जाला तोच जोड.

दृष्टिहीन मुलांना विसरलीस. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो असला तर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मुकंच राहतं. हे त्यांच्याकडूनच समजून घे, त्यांच्या वतीनं परस्पर लिहू नकोस.

कलाभवनातल्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या मुलानं पुस्तक परत करायला प्रतापगंजला का यावं, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. आधी काउंटरवर विचारून घे. नियमात सोय असूनही मुलांना पत्ता नसतो, असं मी पुष्कळ पाहिलंय. नसेल तर ठासून माग. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डनसाहेबांना बोलावून ग्रंथालयं उभी केली. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांत जायच्या, आणि नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. तेव्हा पुस्तक गावोगाव जात होतं, तर आज दोन फॅकल्ट्यांमधून जायला हरकत नसावी.

एक कडू गोष्ट. परीक्षा आली की अर्थशास्त्राचं पुस्तक संस्कृतच्या कपाटात सापडतं. ते कर्मचारी लपवत नाहीत! महिन्यातून एका शनिवारी तुम्ही दहा जण कपाटं लावायला येतो, असं त्याच अर्जात लिही. सौजन्याची ओळ काढून टाक. ती वाचून काउंटरवरचा माणूस आणखी आंबट तोंड करतो.

पेटी मात्र मागू नकोस. जाड वही माग, डावीकडे सूचना, उजवीकडे उत्तर आणि तारीख. ‘जमणार नाही’ हेही उत्तरच आहे, फक्त कारण लिहिलेलं हवं.

नवा मसुदा दोन पानांच्या वर जाऊ देऊ नकोस. रविवारी दांडिया बाजारात घरी ये, तांबड्या पेनानं एकदा बघून देतो. येताना पाव किलो लीलो चेवडो आण. तुझ्या काकू डॉक्टरांचं नाव पुढे करतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा,
काका