शिसो, कोरियातली 'तिळाची पानं' आणि आपली ओव्याची भजी

पुण्याच्या एका काकूंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "लंडनला लेकीकडे जेवणात एक वासाचं पान खाल्लं. जपानी मैत्रिणीने त्याला 'शिसो' म्हटलं. तसंच दिसणारं पान कोरियन दुकानात घेतलं, तर पुडीवर इंग्रजीत 'सेसमी लीव्ह्ज', म्हणजे तिळाची पानं, असं छापलेलं. लेकीची गढवाली शेजारीण म्हणाली, हा तर आमचा भंगजीरा. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, भंगजीरा म्हणजे आपलं कारळं. मग हे नक्की काय, आणि मराठीत याला म्हणायचं काय?"

काकू, तिघींपैकी दोघी बरोबर आहेत, सासूबाई मात्र चुकल्या. (हे घरी कसं सांगायचं ते तुम्ही बघा.)

आधी झाड. शास्त्रीय नाव पेरिला फ्रुटेसेन्स, कूळ तुळस-पुदिन्याचं. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, चुरगळलं की वास. या एकाच जातीचे लागवडीतले दोन प्रकार आहेत. कुरळ्या, दातेरी कडेचा आणि झणझणीत वासाचा तो जपानचा शिसो. मोठ्या, सपाट पानांचा, बियांतून तेल निघणारा तो दुसरा. कोरियन 'तिळाची पानं' याचीच आणि गढवाल-कुमाऊंमधला भंगजीराही याचाच. नेपाळीत त्याला सिलाम म्हणतात, मणिपुरात थोइडिंग. इंफाळकडच्या सिंजू या कोशिंबिरीत त्याच्याच बियांची भाजून कुटलेली पूड पडते. म्हणजे तुम्ही लंडनला जे खाल्लंत ते हिमालयात आणि ईशान्येला जुनंच आहे. सह्याद्रीपर्यंत मात्र ते पोचलं नाही, म्हणून मराठीत त्याला नाव नाही. प्रश्नाचं खरं उत्तर इथेच संपतं. पण 'तिळाची पानं' या नावात जी गंमत आहे ती सोडवत नाही.

कोरियन भाषेत तिळाला 'चामके' म्हणतात. त्यातलं 'चाम' म्हणजे खरा. या झाडाला म्हणतात 'दुलके'. 'दुल' म्हणजे रान, माळ. (तो स्वर देवनागरीत नीट बसत नाही, चालवून घ्या.) म्हणजे एक खरा तीळ आणि एक रानतीळ. पानाला मात्र 'केन्निप' एवढंच, म्हणजे 'तीळपान'. 'रान' गळून गेलं. कोरियन माणसाचा यात काही घोटाळा होत नाही, कारण खऱ्या तिळाचं पान बाजारात असं जुड्या बांधून कोणी विकत नाही. घोटाळा झाला तो इंग्रजी लेबल लिहिणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवला तेव्हा. जपान्यांनीही तेच केलंय: तेलाच्या प्रकाराला ते 'एगोमा' म्हणतात, आणि त्यातला 'गोमा' म्हणजे तीळच.

दोन्ही भाषांना तीळच का आठवावा? आपल्या तोंडात त्याचं उत्तर आहे. 'तेल' हा शब्द संस्कृत 'तैल'वरून आला आणि तैल म्हणजे तिळाचं ते. आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतो, खोबऱ्याचं तेल म्हणतो, मातीचं तेलसुद्धा म्हणायचो, आणि दर वेळी नकळत तिळाचं नाव घेतो. ज्या बीतून तेल गळतं ते तिळाचं भावंड, अशी ही समजूत. हिंदीत कारळ्याला 'रामतिल' म्हणतात तेही याच हिशेबाने. एगोमाला तेलबी म्हणून मान होताच. मध्ययुगीन जपानात देवळांतले दिवे याच तेलावर जळत, आणि क्योतोजवळच्या ओयामाझाकीच्या तेल्यांचा संघ या धंद्यावर मक्तेदारी ठेवून होता. पुढे मोहरीवर्गातलं स्वस्त तेल आलं आणि एगोमा मागे पडला. हे तेल हवेत सुकून पातळ पापुद्र्यासारखं घट्ट होतं, म्हणून कागदी छत्र्यांनाही ते चोळत.

आता कोरियन लोकांना हसण्याआधी आपलं ताट बघू. पावसाळ्यात आपण 'ओव्याच्या पानांची भजी' करतो. कुंडीतलं ते जाड, लवदार, मखमली पान ओव्याचं असतं का? मुळीच नाही. खऱ्या ओव्याचं पान शेपूसारखं बारीक चिरलेलं. ते पिठात बुडवलं तर हाती पीठच येईल. भज्यांचं झाड वेगळं, त्याचं नाव पानओवा, आणि तेही तुळशीच्याच कुळातलं. केवळ वास ओव्यासारखा म्हणून आपण त्याला ओवा केलं. कोरियनांनी बी तिळासारखं म्हणून पेरिलाला तीळ केलं. तुळशीच्या घरातलं पान आणि परक्या घरातल्या बियांचं नाव, हा प्रकार दोन्हीकडे अगदी तोच. इंग्रजी वाचकासाठी पानओव्याच्या पुडीवर कोणी 'अजवाइन लीव्ह्ज' छापलं (छापतातही), तर लंडनमधली एखादी कोरियन बाई तुमच्यासारखाच प्रश्न विचारेल. म्हणून मी या नावाला चूक म्हणणार नाही. घरात ते बरोबर असतं, भाषांतरात चुकतं.

योगायोग इथे संपत नाही. जपानी लोक शिसोच्या पानाची तेंपुरा करतात ती बहुधा एकाच बाजूला पीठ लावून, म्हणजे दुसरी बाजू हिरवीगार, कुरकुरीत राहते. पानओव्याचं एक भजं असं करून बघा.

सासूबाईंच्या कारळ्याबद्दल. कारळं, ज्याला नाशिक-नगरकडे खुरासणी म्हणतात, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. फूल पिवळं; बी लांबट, काळं, चकचकीत. भंगजीऱ्याचं बी गोल, मोहरीएवढं, करडं-तपकिरी, आणि भिंगाखाली त्यावर जाळी दिसते. घोटाळा होण्याचं कारण मात्र साधं आहे: दोन्हींची चटणी सारखीच होते. भाजायचं, मीठ-मिरची घालून कुटायचं, भाकरीशी खायचं. शिवाय पहाडात भांगेच्या बियांचीही चटणी होते, त्यामुळे 'भंगजीरा' ऐकून कोणाचे डोळे मोठे झाले तर त्यांना सांगा की हे ना भांग, ना जिरं.

आता 'शिसो'. हा शब्द चिनी. मूळ उच्चार साधारण 'ज़सू', त्यातला ज 'जसा'मधला. व्हिएतनामला गेल्यावर त्याचंच 'तिया तो' झालं. दोन चित्राक्षरं: पहिल्याचा अर्थ जांभळा, दुसरं 'सू'. या 'सू'चा एक अर्थ शुद्धीवर येणं, पुन्हा जिवंत होणं. त्यावरून सगळीकडे एक गोष्ट सांगतात. हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेल्या ह्वा त्वो या नामांकित वैद्याने खेकडे खाऊन विषबाधा झालेल्या एका तरुणाला ही जांभळी पानं देऊन जगवलं, म्हणून 'जगवणारं जांभळं'. गोष्ट छान आहे, पण काळाच्या गणितात बसत नाही. चिनी भाषेचा 'श्वोवन' हा जुना कोश इ.स. 100च्या सुमारास तयार झाला. त्यात 'सू' हे अक्षर एका वनस्पतीचं नाव म्हणून आलंय, आणि अक्षराच्या डोक्यावर गवताची खूणही आहे. ह्वा त्वो तेव्हा जन्मालाही आला नव्हता. नाव आधीचं, गोष्ट मागून चिकटवलेली. आपल्याकडे गावांच्या नावांमागे पांडव चिकटतात, तसंच.

नावात जांभळा रंग पक्का बसल्यावर हिरव्या पानाच्या प्रकाराचं काय करायचं? जपान्यांनी त्याला 'आओजिसो' म्हटलं. शब्दशः 'हिरवं जांभळं-सू'! यावर हसू नये, कारण आपण लाल शाई म्हणतो. शाई म्हणजे मूळ फारसीत काळेपणा, त्यामुळे आपलीही 'लाल काळिमा'च झाली. 'शिसो'चं 'जिसो' का झालं, असं काकूंच्या मनात आलं असेल, तर तो जपानी संधी आहे: समासात दुसऱ्या शब्दाचा पहिला कठोर वर्ण मृदू होतो. वाक् आणि ईश मिळून वागीश होतं, त्याच्या जवळपासची गोष्ट. लाल तो 'आकाजिसो'. उमेबोशी या खारवलेल्या फळाला रंग येतो तो याच्या पानांमुळे. आंबट रसात पानातलं जांभळं लालभडक होतं. कोकम सरबतावर वाढलेल्या माणसाला तो रंग ओळखीचा वाटेल.

झाडाच्या प्रत्येक अवस्थेला जपानीत वेगळं नाव आहे. कोवळे अंकुर 'मेजिसो', फुलांचा तुरा 'होजिसो', बी 'शिसो नो मी', आणि दुकानात हिरव्या पानांची गड्डी घेताना शिसो न म्हणता 'ओबा', म्हणजे 'मोठं पान'. यातल्या होजिसोला आपल्याकडे तयार शब्द आहे: मंजिरी. तुळशीसाठी राखून ठेवलेला हा शब्द शिसोलाही चपखल बसतो. बाकी, पानाला कोथिंबीर आणि बीला धने म्हणणाऱ्यांना या नावांचं नवल वाटायला नको.

मंजिरीवरून आठवलं. काकूंनी विचारलं नाही, पण पान आवडलंय म्हणजे त्या बी पेरणारच. मी पुण्यात गच्चीवर शिसो दोनदा लावलाय. बी वरच्यावर टाकायचं, मातीत पुरायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. आदल्या रात्री भिजवलं तर बरं. आणि बी ताजं हवं. दोन वर्षांचं बी बहुतेक वाया जातं. पहिल्या खेपेस माझी रोपं वीतभर झाली नाहीत तोच मंजिऱ्या आल्या आणि पानं खुरटली. खताला दोष दिला, मातीला दिला. दोष दिवसाचा होता. शिसो लहान दिवसाला फुलतो. टोकियोत जूनमध्ये साडेचौदा तासांचा दिवस असतो, तेव्हा तो नुसती पानं काढतो आणि दिवस लहान झाले की फुलतो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवसच जेमतेम सव्वातेरा तासांचा, त्यामुळे त्याला आपल्याकडे बारा महिने शरद ऋतूच वाटतो. जपानच्या आइची प्रांतात, तोयोहाशी शहराच्या आसपास, शिसोची सर्वांत मोठी शेती आहे. तिथले शेतकरी काचघरांत रात्री दिवे लावून झाडाला फसवतात. दुसऱ्या खेपेस मी गच्चीतला बल्ब रात्री दहापर्यंत चालू ठेवला आणि शेंडे खुडत गेलो. पानं मिळाली. शेजाऱ्यांना वाटलं, अभ्यास चाललाय.

तर मराठीत काय म्हणायचं? 'जपानी तुळस' हे नाव मी काहींच्या तोंडी ऐकलंय. मला ते पटत नाही. 'जांभळी तुळस' तर नकोच, कृष्णतुळस आधीच वृंदावनात बसलेली आहे, आणि तुळस म्हटल्यावर तिची पानं मासळीभोवती गुंडाळायला हात धजणार नाही. नवा शब्द पाडायचीही गरज नाही. कुरळ्या, वासाच्या पानाला शिसो म्हणा. तेलाच्या, चटणीच्या बीला भंगजीरा म्हणा, तो शेजारच्याच भाषेतला आहे. बी मागवतानाही हा भेद कामाला येतो, कारण नुसतं 'पेरिला' मागितलंत तर दोन्हींपैकी काहीही हाती पडेल.

लिंग? पुदिना, मरवा, सब्जा यांच्या पंगतीत बसवून मी 'तो शिसो' म्हणतो. 'शि' ऱ्हस्व, जपानीतही तो ऱ्हस्वच आहे आणि आपल्या नियमातही तसाच बसतो. विभक्ती मात्र फोटोसारखी लावा: फोटोचा, शिसोचा. मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्याच्या जिभेवर ओकारान्त शब्द आपसूक 'घोडो-घोड्याचो' या वाटेने जाईल, पण लिहिताना तो मोह टाळलेला बरा. 'शिशाची पानं' लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, जपानात शिसं खातात की काय.