खाण नसताना पोलादाचे शहर

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या फौंड्रीत (ओतकाम कारखान्यात) पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि कोक (भट्टीसाठी भाजून तयार केलेला दगडी कोळसा) दोन्ही बाहेरूनच येतात, पण आमचा व्याप लहान असल्याने ते निभावते. हंगेरीतील दुनाउयवारोश येथे मात्र जवळपास लोहखनिज नसतानाही अवाढव्य पोलाद कारखाना आणि त्यासाठी अख्खे नवे शहर उभारले, असे वाचनात आले. तीच जागा का निवडली असावी?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : ही निवड भूगर्भशास्त्राने नव्हे, राजकारणाने केली. कारखाना आधी देशाच्या दक्षिण टोकाला मोहाच येथे व्हायचा होता. परंतु 1948 मध्ये स्टालिन आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांचे बिनसले आणि युगोस्लाव्हियाच्या सरहद्दीला लागून असलेले मोहाच स्टालिनच्या गोटातील हंगेरीच्या राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटू लागले. (सरहद्दीपायी गावाचे नशीब कसे पालटते, हे आपल्या भागातील वाचकांना सांगावयास नको.) मग बुडापेस्टच्या दक्षिणेस सुमारे 70 किलोमीटरवर, डॅन्यूबच्याच काठचे दुनापेंतेले हे खेडे ठरले. नदीमुळे पाणी आणि जलवाहतूक मिळाली, एवढीच काय ती सोय. खनिज सोव्हिएत संघातून आणावे लागे आणि कोळशासाठी हंगेरीतीलच कोमलो येथील खाणींवर भिस्त होती.

बांधकाम 1950 मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद तिबोर वाइनर यांनी कारखाना आणि वस्ती यांच्यामध्ये झाडांचा रुंद पट्टा राखला, हा त्या आराखड्यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. 1951 मध्ये शहराला स्टालिनचे नाव मिळाले, 1954 मध्ये पहिली झोतभट्टी (खनिजापासून लोखंड काढणारी भट्टी) पेटली आणि 1961 मध्ये ते नाव पुसून आजचे नाव आले.

घाईची खरी किंमत मात्र जमिनीने वसूल केली. शहर वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळसर मातीच्या उंच कड्यावर वसले आहे. ही माती कोरडी असेतोवर सरळ उभी राहते, पण पाणी मुरताच तिची पकड सुटते. नळ आणि गटारांची गळती तीत झिरपत राहिली आणि 1964 मध्ये कड्याचा मोठा भाग नदीकडे घसरला, तेव्हा कुठे भूजल उपसण्यासाठी विहिरी आणि निचऱ्याची भुयारे खोदण्यात आली.

साम्यवादी राजवट गेल्यावर सोव्हिएत खनिज आणि हुकमी बाजारपेठ दोन्हींचा आधार सुटला. 2004 मध्ये कारखान्याचे खासगीकरण झाले, तरी 2022 च्या अखेरीस तो दिवाळखोरीत निघाला. लगतच्या रात्सअल्माश येथे 2007 पासून हँकूक या कोरियन कंपनीचा टायर कारखाना चालू आहे, त्यामुळे तेथील कामगारांना पोलादाखेरीज दुसरा रोजगार उपलब्ध झाला आहे.