दोन फुटी टाकीत मासे टिकत नाहीत. काय चुकतंय, आणि कोणते मासे ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय की टाकी 2 × 1 × 1 फुटाची आहे, तीन आठवड्यांपूर्वी मांडली आणि दुसऱ्याच दिवशी दोन गोल्डफिश, दोन शार्क, एक सकर, चार गप्पी आणि सहा निऑन टेट्रा आणून सोडले. आता निम्मे उरलेत. दर रविवारी सगळं पाणी काढून खडे आणि फिल्टर नळाखाली घासून धुता, तरी सोमवार-मंगळवारी एखादा मासा वर येऊन धापा टाकतो. ती रविवारची धुलाईच माशांच्या जिवावर उठली आहे.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनियाच सुटतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर हळूहळू जिवाणूंचा थर बसतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, अगदी 0.5 पीपीएमलाही (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) मासे त्रासतात. नायट्रेट मात्र 40 पीपीएमपर्यंत बहुतेक मासे सोसतात. हा थर नव्या टाकीत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात स्पंज खळबळून पिळला की जमलेलं सगळं धुऊन जातं आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असतं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ही चूक लक्षातच येत नाही.

आता मासे आत आहेतच, तर आजपासून असं करा. थेंबांचं टेस्ट किट आणा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींचं. पट्ट्यांवर मी फारसा विसंबत नाही. तुमची टाकी हिशोबाने साधारण 57 लिटरची, पण खडे आणि वर सोडलेली जागा वजा केली की पाणी साधारण 45 लिटरच असतं. पाव भाग म्हणजे 11 लिटर, घरातली पाऊण बादली. अमोनिया किंवा नायट्राइट 0.5 किंवा त्याहून जास्त दिसलं तर रोज पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, दोन्ही शून्यावर येईपर्यंत. खाणं दिवसाआड, तेही चिमूटभर. नायट्राइट चढलेलं असेल तर 25 ग्रॅम खडेमीठ मगभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं सोडा. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. पुढे मात्र जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ घाला, दर वेळी पूर्ण 25 ग्रॅम नाही. ओळखीत कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओलाच ठेवून तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. महिन्याचं काम बरंच लवकर होतं.

बदलायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून उघडं ठेवलं, एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड) सोडला, की 24 तासांत क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही, त्यासाठी क्लोरामाइनवर चालतं असं स्पष्ट लिहिलेलं औषधच लागतं. पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास येतो त्या दिवसांत अँटिक्लोरीनचे थेंब चुकवू नका. नव्या आणि जुन्या पाण्याच्या तापमानात एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

स्पंज कधी धुवायचा? पाण्याची धार मंदावली की, साधारण तीन-चार आठवड्यांनी. टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा दाबा. चहासारखं तपकिरी पाणी निघेल. ते निघालं की बास, परत बसवा. पांढरा होईपर्यंत पिळायचा नाही. खडे बाहेर काढायचेच नाहीत, सायफनच्या नळीचं रुंद तोंड खड्यांत खुपसून घाण ओढून घ्यायची, एका आठवड्यात अर्धा तळ, पुढच्या आठवड्यात उरलेला.

आता माशांबद्दल. गोल्डफिश, शार्क आणि सकर परत करा, पैसे मिळाले नाहीत तरी. गोल्डफिशला गार पाणी लागतं, घाण भरपूर करतो, आणि साधा शेपटीवाला फूटभर होऊ शकतो. शार्क म्हणून दुकानात मिळतो तो पंगासियस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो त्याच जातकुळीतला, पूर्ण वाढला तर मीटरभर जातो. दोन फुटांत तो घाबरून काचांवर आपटत राहतो. सकर ‘शेवाळ खातो’ म्हणून गळ्यात मारतात, पण तो फुटापेक्षा मोठा होतो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. यातला एकही नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नका. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत आज सकर सापडतात ते असेच बाहेरून आलेले.

पुढची निवड तुमच्या नळावर ठरते. घरी तुरीची डाळ शिजायला वेळ लागत असेल, साबणाला फेस येत नसेल, गीझरवर पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे. बोअरचं पाणी बहुधा असंच. धरणाचं नळाचं पाणी सहसा मऊ असतं. जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली खुश असतात, मऊ पाण्यात निऑन, एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा. पाणी बदलवण्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे घेणं कधीही सोपं. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच अचानक ढासळतो. संगमरवराच्या चिपा आणि शंख-शिंपले उलट पाणी जड करतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे आले तर तो दगड मऊ पाण्याच्या टाकीत नको.

जड पाणी असेल तर मी सहा नर गप्पी आणि चार प्लॅटी घेईन. गप्पी नरच का? मादी साधारण महिन्याला वीस-पन्नास पिल्लं देते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढे कित्येक महिने नराशिवायही विते. आरोग्य खातं डासांच्या अळ्यांसाठी डबक्यांत हाच मासा सोडतं, तो याच जोमामुळे. नराचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा. मादी ठेवायचीच असेल तर एका नरामागे दोन-तीन ठेवा, नाहीतर नर तिला पिटाळून पिटाळून थकवतात. प्लॅटीलाही हेच लागू.

मऊ पाणी असेल तर आठ निऑन किंवा एम्बर टेट्रा, तळाला पाच-सहा पांडा कोरिडोरा आणि मधल्या पाण्यात एक हनी गुरामी. हनी गुरामी आपल्या ईशान्य भारतातला, शांत, झाडांत रमणारा. कोरिडोराला तळाशी बारीक वाळू हवी. टोकदार खड्यांवर घासून त्यांच्या मिशा झिजतात आणि मग त्यांना अन्न शोधता येत नाही. टेट्रा आणि कोरिडोरा दोन-तीनच्या संख्येत आणू नका. थव्याचे मासे आहेत, एकटे पडले की कोपऱ्यात आक्रसून बसतात, रंग उतरतो, खाणं सुटतं. टायगर बार्ब या टाकीत नकोच, गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. एंजल लहानपणी गोड दिसतो, मोठा झाला की निऑन गिळतो.

एकदम सगळे आणू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की आधी एक गट, दोन आठवडे थांबून चाचणी, मग दुसरा. निऑन सगळ्यात शेवटी, टाकीला दोन-तीन महिने झाल्यावर. नव्या टाकीत तो हमखास जातो. दुकानात आदल्या दिवशीच माल आला असेल तर आठवडाभर थांबा, कमकुवत मासे तेवढ्यात दुकानातच कळतात. निवडताना दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. धावत येतो तो घ्यायचा. पर मिटलेले, पोट खपाटीला गेलेलं, किंवा त्याच काचेत एखादा मेलेला मासा दिसला तर त्या टाकीतला एकही नको. घरी आणल्यावर दिवा बंद करून पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, चार-पाच वेळा. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी आत जाऊ देऊ नका, त्यातून रोग येतात.

तापमान 24 ते 27 अंश. मुंबई-कोकणात हीटरची गरज क्वचित पडते. पुणे-नाशिकच्या थंडीत रात्री पाणी 20 च्या खाली जातं, तिथे 50 वॅटचा हीटर लावा. पाणी बदलण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं आधी तो बंद करा, तापलेली नळी उघडी पडली की तडकते. मत्स्यांच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो इच, म्हणजे परजीवी जंतूमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत 29-30 वर न्या, एअर पंप जोरात ठेवा कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, आणि फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढून मॅलाकाइट ग्रीनचं औषध द्या. कोरिडोरा असतील तर निम्मी मात्रा. औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेतल्या जंतूला मारतं, अंगाला चिकटलेल्याला नाही. म्हणून ठिपके गेले तरी आठवडाभर चालू ठेवा.

वीज गेली तर खाणं घालू नका आणि बॅटरीवरचा एअर पंप लावा. चार-पाच तासांहून जास्त वेळ गेली असेल तर फिल्टर सुरू करण्यापूर्वी आतलं कोंडलेलं पाणी ओतून टाका आणि स्पंज टाकीच्या पाण्यात एकदा दाबून घ्या.

एरवी खाणं दिवसातून एकदा, एका मिनिटात संपेल इतकंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. चार-पाच दिवस गावाला जात असाल तर पूर्ण वाढलेल्या माशांना काहीच लागत नाही. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या काकूंना डबी देऊन जाऊ नका, दिवसाआडच्या चिमटी कागदाच्या पुड्यांत बांधून, वर वार लिहून ठेवा. उरलेला डबा कपाटात.